शेवटचं पाणी कुठलं? इम्प्लांट धुण्याच्या कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी

एक स्वच्छ काचपट्टी घ्या. तुमच्या धुण्याच्या ओळीतल्या प्रत्येक टाकीतला एकेक थेंब तिच्यावर ओळीने ठेवा: डिटर्जंट, पहिलं विसळणं, दुसरं विसळणं, आणि शेवटचं शुद्ध पाणी. धूळ बसणार नाही अशा जागी पट्टी वाळू द्या. मग ती काळ्या कागदावर धरा आणि तिरप्या उजेडात बघा. डिटर्जंटच्या जागी पांढुरका, चिकट ठिपका दिसेल. पहिल्या विसळण्याच्या जागी बांगडीसारखं कडं. दुसऱ्याच्या जागी तेच कडं, पण पुसट. चौथ्या थेंबाची जागा शोधूनही सापडली नाही, तर चांगलं लक्षण आहे. सापडली, तर त्या दिवशी धुतलेल्या प्रत्येक नगावर, म्हणजे शरीरात बसवायच्या प्रत्येक इम्प्लांटवर, तसलंच कडं आहे असं समजा. खडबडीत करड्या धातूवर ते डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

माझ्याकडे नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच करायला लावतो. धुणं म्हणजे घाण काढणं, अशी समजूत घेऊन सगळे येतात, आणि ती अर्धीच खरी आहे. प्रत्येक पायरीला एक काहीतरी निघतं आणि दुसरं काहीतरी लागतं. तेल जातं, डिटर्जंट लागतं. डिटर्जंट जातं, पाण्यातले क्षार लागतात. क्षार जातात, तर वाळवणाऱ्या हवेतलं तेल किंवा ग्लोव्ह्जवरचं काही लागतं. धातूवर शेवटी जे वाळतं ते रुग्णाच्या हाडात जातं. म्हणून या कामाचा विचार नेहमी शेवटाकडून मागे करायचा.

इतकी काळजी कशासाठी

टायटॅनियम हवेत उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर येतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. हाड जाऊन भिडतं ते या थराला. स्वीडनमध्ये १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघण्यासाठी टायटॅनियमचे छोटे कक्ष बसवत होते. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर हाडाने धातू घट्ट धरून ठेवलेला. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात दातांचे इम्प्लांट बसवले. आज दातांपासून खुब्यापर्यंत जे काही आपण धुतो, त्याची मुळं तिथे आहेत.

पण हाडाला भिडणारा हा पृष्ठभाग इतर गोष्टीही तितक्याच आतुरतेने धरतो. ताज्या, आम्लाने खडबडीत केलेल्या टायटॅनियमवर पाण्याचा थेंब टाकला तर तो क्षणात पसरतो. तोच नग काही आठवडे उघड्या हवेत ठेवला तर थेंब मण्यासारखा उभा राहतो, कारण हवेतले हायड्रोकार्बन, म्हणजे तेलाच्या जातीचे सूक्ष्म अंश, त्यावर बसलेले असतात. नुसत्या हवेने एवढं होतं. मग कटिंग ऑइलचा पातळ थर राहिला तर काय होईल याचा अंदाज करा.

अंदाज करायची गरजही नाही म्हणा. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेत सल्झर ऑर्थोपेडिक्सने खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या वाट्या बाजारातून परत मागवल्या. उत्पादनात वापरलेल्या वंगणतेलाचा अंश त्यांच्या पृष्ठभागावर राहिला होता. हाडाने वाट्या धरल्या नाहीत, त्या सैल झाल्या आणि कित्येक रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं. पुढे नुकसानभरपाईची तडजोड सुमारे १ अब्ज डॉलरवर गेली. वाटीची रचना, धातूची जात, निर्जंतुकीकरण यांपैकी कशातही दोष नव्हता. तेलाचा अंश राहिला होता.

पहिली पायरी: नगावर काय लागलंय ते आधी विचारा

बास्केट हातात आली की लगेच टाकीत सोडू नका. नग कुठून आला ते बघा. लेथवरून थेट आला असेल तर कटिंग ऑइल किंवा पाण्यात मिसळणारं कूलंट आणि बारीक चिप्स. पॉलिशवरून आला असेल तर पेस्ट, म्हणजे मेण किंवा चरबीयुक्त पदार्थात घोळलेले घासणारे कण. ही पेस्ट सगळ्यात चिवट. मेण वितळेल इतकं द्रावण गरम नसेल, तर अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनांनी धुणारी टाकी, कितीही वेळ चालवा, ती आट्यांच्या तळातून हलत नाही. ब्लास्टिंगवरून, म्हणजे कणांचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करण्याच्या टप्प्यावरून, आला असेल तर ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण. त्यांतले काही धातूत रुतलेले असतात आणि धुण्याने निघत नाहीत. त्यांचा बंदोबस्त ब्लास्टिंग आणि एचिंगच्या (आम्लाने पृष्ठभाग कोरण्याच्या) टप्प्यावरच करायचा असतो, तेव्हा ते दिसले म्हणून टाकीत वेळ वाढवत बसू नका.

दोन प्रश्न मशीनशॉपला रोज विचारायचे. नग मशीनवरून उतरून किती वेळ झाला? ओलं कूलंट सहज निघतं, आठवडाभर सुकलेलं वार्निशसारखं बसतं. दुसरा प्रश्न: तेल, कूलंट किंवा पेस्ट बदलली का? तुमची धुण्याची पद्धत एका विशिष्ट तेलासाठी तपासून पक्की केलेली असते. खरेदी विभागाने तेल बदललं किंवा मशीनमधलं हायड्रॉलिक तेल गळून कूलंटमध्ये मिसळायला लागलं, तर तुमच्या कागदावरचं सगळं बरोबर असूनही नग अस्वच्छ निघेल. हा प्रश्न विचारला म्हणून कोणी वैतागलं तरी विचारा.

दुसरी पायरी: वेगळं करा, सुटं ठेवा

टायटॅनियम, ३१६एल जातीचं स्टेनलेस स्टील आणि कोबाल्ट-क्रोम एका बास्केटमध्ये घालायचे नाहीत. उघड्या स्टीलच्या जाळीवर टायटॅनियम घासलं की लोखंडाचा अंश त्यावर चोळला जातो, आणि पुढे ओलाव्यात तांबूस ठिपका येतो. बास्केटला प्लास्टिकचं अस्तर असावं किंवा प्रत्येक नगाला स्वतंत्र खुंटी. अल्ट्रासॉनिकमध्ये नग थरथरतात, एकमेकांना लागले तर आट्यांच्या कडा बोथट होतात आणि नवीनच कण तयार होतात. दाटीवाटीने भरलेली बास्केट दोनदा धुवावी लागते.

तिसरी पायरी: डिटर्जंटची टाकी

प्रमाण, तापमान आणि वेळ तुमच्या कार्यपद्धतीत लिहिलेले असतील, ते तसेच पाळा. पाण्यावर आधारित डिटर्जंट बहुतेक वेळा ५० ते ६५ अंशांच्या आसपास वापरतात. पाणी उकळीच्या जवळ नेलं तर अल्ट्रासॉनिकचे बुडबुडे दमदार फुटत नाहीत, म्हणजे जास्त गरम केल्याने जास्त स्वच्छ होईल हा हिशेब इथे चालत नाही. टाकी ताजी भरली असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं नुसती चालवून पाण्यातली हवा काढा. ॲल्युमिनियम फॉइल सोडून टाकीची ताकद तपासायची पद्धत तुम्हाला शिकवली जाईल. फॉइलला सगळीकडे सारखी भोकं आणि खळगे पडले तर टाकी ठीक. पण त्या फॉइलचा चुरा द्रावणात राहतो. म्हणून तपासणी नेहमी द्रावण टाकून देण्याआधी करायची, नवीन भरल्यावर कधीच नाही.

आता या टाकीतली खरी मेख. सुटलेलं तेल जातं कुठे? बरंचसं वर येऊन तवंग होतो. बास्केट वर उचलताना ती त्या तवंगातूनच बाहेर येते. खाली स्वच्छ झालेला नग वर येता येता पुन्हा तेलाची चादर ओढून घेतो, आणि हे दोन सेकंदात घडतं. उचलण्याआधी तवंग ओव्हरफ्लोवरून वाहून जाऊ द्या, किंवा पृष्ठभाग एका बाजूला सारून मगच बास्केट काढा. टाकीवर झुकून, उजेड तिरपा पडेल असं उभं राहून पाण्याकडे बघायची सवय लावून घ्या. इंद्रधनुषी पट्टे दिसले तर थांबा.

टायटॅनियमसाठी कुठलंही नवं रसायन स्वतःच्या मनाने वापरू नका. फ्लोराइड असलेलं आम्ल त्याचा ऑक्साइड खाऊन टाकतं. कोरडं मिथेनॉल ताणाखालच्या टायटॅनियमला तडे पाडू शकतं. स्टीलला क्लोराइडचं वावडं आहे, त्याने बारीक खड्डे पडतात. ‘जरा ब्लीच टाकून बघू’ असं कोणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

चौथी पायरी: विसळणं

नवे लोक डिटर्जंटच्या टाकीवर सगळं लक्ष देतात आणि विसळताना घाई करतात. माझ्या मते उलट असायला हवं.

एक सोपा हिशेब मांडतो. समजा बास्केट आणि नग मिळून दर वेळी १०० मिलीलिटर द्रावण सोबत घेऊन येतात आणि विसळण्याची टाकी २० लिटरची आहे. पहिल्या बास्केटनंतर टाकीत डिटर्जंट दोनशेपट पातळ झालेलं असतं. छान. पण दहा बास्केटनंतर त्या टाकीत जवळजवळ १ लिटर द्रावण जमा झालेलं असतं, म्हणजे मूळ तीव्रतेच्या सुमारे ५ टक्के. अकराव्या बास्केटला तुम्ही पाण्यात विसळत नाही, सौम्य डिटर्जंटमध्ये विसळता. दिसायला पाणी तेवढंच नितळ असतं.

यावर उपाय दोन. बास्केट उचलल्यावर तिरपी धरून नीट निथळू द्या. अर्धा मिनिट निथळलेली बास्केट निम्मंच द्रावण पुढे नेत असेल, तर पुढच्या सगळ्या टाक्यांचं काम तिथेच निम्मं झालं. मात्र निथळवताना नग सुकू द्यायचा नाही, सुकलेलं डिटर्जंट पुन्हा विरघळवणं कठीण जातं. दुसरा उपाय म्हणजे वाहतं पाणी उलट दिशेने: ताजं पाणी शेवटच्या टाकीत, तिथून आधीच्या, तिथून त्याआधीच्या. सगळ्यात स्वच्छ नगाला सगळ्यात स्वच्छ पाणी मिळतं.

कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र, बघायला शिका, पण त्याला काय दिसत नाही तेही शिका. त्याला क्षार दिसतात. तेल दिसत नाही. कित्येक डिटर्जंटमधला नॉन-आयॉनिक, म्हणजे विद्युतभार नसलेला, घटकही दिसत नाही. आकडा खाली आला म्हणून डिटर्जंट गेलं असं ठरत नाही. त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बनची, म्हणजे टीओसीची चाचणी लागते.

पाण्याचा थर फुटतो का ही जुनी चाचणीही अशीच फसवते. धुतलेल्या नगावरून पाणी सलग वाहिलं तर तेल नाही, थर तुटून थेंब झाले तर तेल आहे, असं सांगतात. तेलाच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण नगावर डिटर्जंट राहिलं असेल तरीही पाणी सुंदर सलग वाहतं. म्हणून ही चाचणी भरपूर विसळून झाल्यावरच करायची, आणि ‘पास’ दिसलं तरी डिटर्जंट राहिलं नाही ना, हा प्रश्न मनात ठेवायचा.

पाचवी पायरी: आम्ल, जिथे असेल तिथे

पॅसिव्हेशन, म्हणजे धातू गंजू नये म्हणून केलेली आम्लाची प्रक्रिया, नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात करतात. त्याने पृष्ठभागावरचं सुटं लोखंड निघतं. तेल काढणं हे त्याचं काम नव्हे. तेलकट नग आम्लात घातला तर तेलाखालचा भाग तसाच राहतो आणि आम्लाची टाकीही नासते. एचिंगला हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर प्रशिक्षणाशिवाय त्या खोलीत पाऊलही टाकू नका. कातडीवर पडलं तर सुरुवातीला कधी कधी दुखतही नाही, आणि आत खोल इजा होत असते. अशा वेळी लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय हे पहिल्या दिवशी डोळ्यांनी बघून घ्या.

सहावी पायरी: शेवटचं पाणी

इथे दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या: पाण्यात काय विरघळलंय आणि पाण्यात काय वाढलंय.

पहिलीसाठी आकडे आहेत. अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे तिथल्या औषधांच्या मानकग्रंथात, शुद्ध पाण्याची कंडक्टिव्हिटीची मर्यादा २५ अंश सेल्सियसला १.३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आहे आणि सेंद्रिय कार्बनची ५०० भाग प्रति अब्ज. तुमच्या ओळीची मर्यादा वेगळी असू शकते, ती भिंतीवर लावलेली असावी.

दुसरी जास्त फसवी. डीआय, म्हणजे रेझिनच्या दाण्यांमधून क्षार काढलेल्या पाण्यातून क्षार जातात, जिवाणू जात नाहीत. उलट रेझिनच्या टाकीत आणि थांबलेल्या नळीत ते आनंदाने वाढतात. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला नळ उघडल्यावर येणारं पाणी मीटरवर उत्तम दिसेल, पण त्यात दोन दिवस मुरलेले जिवाणू आणि त्यांचे अवशेष असतील. हे अवशेष म्हणजे एंडोटॉक्सिन. पुढे नग गॅमा किरणांनी किंवा वाफेने निर्जंतुक झाला तरी जिवाणू मरतात आणि एंडोटॉक्सिन जागेवर राहतं. ते नष्ट करायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास, असली व्यवस्था लागते. शरीरात बसवायच्या उपकरणासाठी सर्वसाधारण मर्यादा प्रति नग २० एंडोटॉक्सिन एकक आहे, मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाशी संबंध येणार असेल तर २.१५. म्हणून सुट्टीनंतर नळी भरपूर वाहू द्या, आणि किती वेळ वाहू दिली ते नोंदवहीत लिहा.

सातवी पायरी: वाळवणं

इथे मला स्वतःला धडा मिळाला. दातांच्या इम्प्लांटचा एक लॉट तपासणीत अडकला होता. भिंगाखाली आतल्या षटकोनी खाचेच्या तळाशी, जिथून आटे सुरू होतात तिथे, केसाएवढं बारीक पांढरं कडं. बाहेरून नग चकाचक. आम्ही तीन दिवस डिटर्जंटवर संशय घेतला, प्रमाण बदललं, विसळण्याचा वेळ वाढवला. कडं तसंच. चौथ्या दिवशी मी वाळवायच्या ओव्हनपाशी नुसता उभा राहिलो आणि बास्केट आत जाताना बघितली. नग खाचेचं तोंड वर करून उभे होते. प्रत्येक खाच म्हणजे पाण्याने भरलेला छोटासा पेला. ओव्हन तो पेला निथळवत नव्हता, आटवत होता.

साधारण २ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७ मिलिमीटर खोल भोकात सुमारे २० मायक्रोलिटर पाणी मावतं, नेहमीच्या थेंबाच्या निम्म्याहून कमी. त्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर आटल्यावर भोकात ४ मायक्रोग्रॅम मागे राहतात, आणि तेही पसरून नाही, एका कड्यात साचून. थोडं डिटर्जंट राहिलं असेल तर ते त्यावर आणखी. आम्ही फिक्स्चर, म्हणजे नग धरून ठेवणारी चौकट, उलटं करून तोंडं खाली घेतली आणि ओव्हनआधी हवेचा झोत दिला. कडं गेलं. डिटर्जंट पुन्हा पहिल्या प्रमाणावर आणलं.

तर नियम असा: आधी पाणी बाहेर काढा, मग उरलेली ओल उडवा. तोंड खाली, गरज असेल तर व्हॅक्यूम ड्रायर. हवेचा झोत देताना ती हवा कुठून येते ते बघा. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे सूक्ष्म थेंब असतात. इतक्या टाक्यांतून काढलेलं तेल शेवटच्या मिनिटाला परत फवारणं म्हणजे सगळ्या पाळीचं काम पाण्यात. तेलमुक्त, गाळलेली हवा किंवा नायट्रोजनच वापरा. पांढऱ्या स्वच्छ कापडावर अर्धा मिनिट झोत धरला तरी ढोबळ तेल कळतं.

टायटॅनियमवर निळसर, सोनेरी झाक दिसली तर घाबरण्याआधी विचार करा. ऑक्साइडचा थर जाड झाला की असे रंग येतात, आणि पातळ अवशेषांमुळेही येतात. सॉल्व्हंटने पुसून रंग जातो का हे बघितल्यावर पहिला अंदाज येतो. तो नग मात्र नमुना म्हणून बाजूला ठेवायचा, लॉटमध्ये परत घालायचा नाही.

आठवी पायरी: हात, नजर, पिशवी

वाळलेल्या नगाला उघडं बोट कधीच लावू नका. पावडर नसलेले नायट्राइल ग्लोव्ह्ज घाला, आणि तेही सॉल्व्हंटने ओले झाले तर बदला. आयसोप्रोपिल अल्कोहोल ग्लोव्ह्जमधले घटक विरघळवून नगावर आणतं. सुती कापडाने पुसू नका. खडबडीत पृष्ठभाग कानशीसारखा धागे ओढून घेतो, आणि ते धागे तुम्हाला दिसणार नाहीत. हँडक्रीम लावून कामावर येऊ नका, सिलिकोन एकदा खोलीत आलं की सगळीकडे पसरतं.

तपासणीत भिंग, तिरपा उजेड आणि अतिनील दिवा एवढं रोज हाताशी असतं. काही तेलं आणि धागे अतिनील उजेडात चमकतात, सगळे नाही. खोलातली तपासणी प्रयोगशाळेत होते: नगावरचे अवशेष द्रवात उतरवून मोजणं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण बघणं. ऑर्थोपेडिक इम्प्लांटच्या स्वच्छतेसाठी आयएसओ १९२२७ हे मानक २०१८ मध्ये आलं. काय काय तपासायचं याची चौकट त्यातून कळते, म्हणून ते एकदा शांतपणे वाचून काढा.

तपासलेला नग उघड्यावर ठेवून जेवायला जाऊ नका. पिशवी किंवा डबी ठरलेलीच वापरा. साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत त्या एकमेकींपासून सहज सुटाव्यात म्हणून घसरते पदार्थ घातलेले असतात, आणि ते हळूहळू धातूवर उतरतात.

दवाखान्यात काम करणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं: उघडलेला किंवा खाली पडलेला इम्प्लांट नळाखाली धुऊन आणि ऑटोक्लेव्ह करून वापरता येत नाही. वर लिहिलेल्यातली एकही टाकी तिथे नसते.

वीज गेली तर

हे कार्यपद्धतीत बहुतेक वेळा एका ओळीत असतं, म्हणून सविस्तर सांगतो. ओळ मध्येच थांबली तर बास्केट हवेत लटकत ठेवू नका. आम्लात असेल तर ठरलेल्या पद्धतीने आणि सुरक्षा साधनं घालून आधी ती बाहेर काढा आणि विसळा. डिटर्जंटमध्ये असेल तर बाहेर काढून स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा. ओव्हनमध्ये अर्धवट वाळलेली असेल तर ती वाळली असं धरू नका, पुन्हा शेवटच्या विसळण्याच्या आधीच्या टाकीपासून घ्या. बास्केटला लाल चिठ्ठी लावा, तिच्यावर टाकीचं नाव आणि थांबल्याची वेळ लिहा. वीज आल्यावर तापमान आणि मीटरचा आकडा पूर्ववत होईपर्यंत काहीही पुढे सरकवायचं नाही. पाळी बदलत असेल तर येणाऱ्या माणसाला ती बास्केट हात दाखवून सांगा, नुसती वहीत लिहून जाऊ नका.